भुरभुऱ्या पावसाचा टायर

टायर गोल असतो, काळा असतो आणि आत हवा असते. "याच्यावर तुम्ही दिवाळी अंकात काय लिहून राह्यले बाप्पा?" असं आमच्या कमलनं, म्हणजे बायकोनं, विचारलं तेव्हा मलाही वाटलं, खरंच, काय लिहिणार? पण संपादकसाहेब दुकानात येऊन चहा पिऊन गेले होते. जाताना म्हणाले, "रामटेकेजी, तुम्ही आयुष्यभर जे केलं तेच लिहा. फक्त शुद्ध लिहा." आयुष्यभर मी शुद्ध असं काही केलंच नाही, हात सदा काळे. तरी प्रयत्न करतो. मात्र माणसं बोलतील ती आपापल्या तोंडानं बोलतील, त्यात मी हात घालणार नाही.

माझं टायरचं दुकान चंद्रपुरात जटपुरा गेटाबाहेर होतं. पंक्चर काढणं, ट्यूब बदलणं आणि घासलेल्या टायरवर नवं रबर चढवणं, म्हणजे रिमोल्ड, ही आमची कामं. मी या धंद्यात कसा आलो, पहिलं दुकान कुठं आणि दुसरं कुठं, ते सगळं सोडून देतो. त्यात कोणाला रस नाही, मलाही नाही. पण ऐंशीच्या दशकातली दोन-तीन वर्षं अशी गेली की आठवली तरी हसू येतं, आणि एका ठिकाणी स्वतःचा रागही येतो. तेवढंच सांगतो.

टायरवाल्याकडे गिऱ्हाईक येतं ते एक तर चिडलेलं असतं नाहीतर घाईत. हसत आलेलं गिऱ्हाईक मी मोजकंच पाहिलं. जंगल दाखवायला जीप चालवणारे एक काका होते, ते हसत आले आणि म्हणाले, "भाऊ, आवाज नाई करणारा टायर पायजे. वाघ पळून जाते." मी त्यांना नक्षी पार घासून गेलेले चार टकले टायर काढून दिले. महिन्याभरानं काका पुन्हा आले. वाघ दिसला होता, अगदी जवळून, पण तेवढ्यात जीप नाल्यातल्या चिखलात फसली आणि टकले टायर जागच्या जागी फिरत बसले. वाघानं म्हणे अर्धा तास बसून सगळं पाहिलं. काका म्हणाले, "आता मले आवाजवालाच द्या." दुसरे एक सिरोंचाचे ट्रक ड्रायव्हर होते. ते प्रत्येक टायरला थापड मारून कान लावायचे आणि त्याच्याशी तेलुगूत बोलायचे. मी आधी हसायचो. पण खिळा कोणत्या चाकात आहे ते त्यांनी चाक न खोलता तीनदा बरोबर सांगितलं, मग मी हसणं बंद केलं.

हे सांगायचं कारण, बाहेरच्या माणसाला वाटतं टायर गाडी पाहून घ्यायचा. छे! टायर जमीन पाहून घ्यायचा असतो. आमच्या दोन जिल्ह्यांत तर दर दहा कोसांवर जमीन बदलते. भद्रावतीकडे काळी चिकट कन्हार, सिंदेवाहीकडे धानाची बांधी, पुढं गडचिरोलीच्या जंगलात तांबडा मुरूम. मी स्वतः सिंदेवाहीजवळच्या खेड्यातला, धान लावणाऱ्या घरातला. शाळा शिकलो, शहरात आलो, पण माती काही डोक्यातून गेली नाही. टायरच्या धंद्यात तीच कामाला आली.

आता सुखदेवकडे येतो. सुखदेव कोवे, एटापल्लीच्या पलीकडच्या जंगलातल्या गावचा गोंड तरुण. वीस-बावीस वर्षांचा, अंगानं काटक, बोलायला कमी आणि हसायला तयार. त्याची नोकरी मोठी मजेची होती. एका मालकाचे तंबूतले दोन सिनेमे होते, एक मूल या गावी आणि एक सिंदेवाहीला. पिक्चरची पेटी मात्र एकच. मूलला पहिली रिळं दाखवून झाली की ती मोटरसायकलवर बांधून सिंदेवाहीला न्यायची, तिथं तंबूत लोक बसलेलेच. पुन्हा मागं यायचं, पुढची रिळं न्यायची. सुखदेव हेच करायचा. तो वेळेवर पोचला नाही तर तिकडे शिट्ट्या, खुर्च्या आणि कधीकधी दगड. एकदा घाईत त्यानं रिळांचा क्रम उलटा केला आणि सिंदेवाहीत खलनायक मध्यंतराच्या आधी मेला, नंतर जिवंत होऊन नायिकेला पळवून नेऊ लागला. लोकांना तेच जास्त आवडलं म्हणे.

अशा धावपळीनं तो गाडी अशी चालवायला शिकला होता, की बघत राहावं. नवी पेटी आणायला चंद्रपूरला आला की पंक्चर काढायला माझ्याकडे यायचा. एका पावसाळ्यात असाच आला आणि मी चाक खोलत असताना म्हणाला, "भाऊ, एक गोष्ट समजून नाई राह्यली. धो धो पानी असते तवा मी टायमावर पोचतो. भुरभुर असते तवाच उशीर होते. असं काऊन?"

मी पाना खाली ठेवला. इतक्या वर्षांत इतका चांगला प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. त्याच्या गावाकडे मुरूम, तो पावसात चिकटत नाही, म्हणून मूल-सिंदेवाहीच्या आडवाटेत लागणाऱ्या कन्हारीचा स्वभाव त्याला माहीत नव्हता. मी त्याला समजावलं. काळी माती कोरडी असली की काही करत नाही. धो धो पावसात ती पातळ होऊन वाहून जाते. पण नुसती भिजली, भुरभूर पडली, की धरते. पायाला धरते, बैलाच्या खुराला धरते आणि टायरच्या नक्षीत घट्ट बसते. चिखलाचे म्हणून जे टायर मिळतात त्यांच्यावर मोठाल्या बटणांसारखे रबराचे उंच ठोकळे असतात. दोन बटणांमधल्या फटीत ही माती भरली की टायरचा होतो लाडू. आणखी माती, आणखी मोठा लाडू, शेवटी चाक मडगार्डला घासून अडकतं.

"मंग काय करू?" तो म्हणाला.

त्या दिवशी मी एक प्रयोग केला. चपला शिवणारे रापी वापरतात ना, त्या रापीनं मागच्या टायरवरचं एक आड एक बटण कापून काढलं. धानाची रोपं फार दाट लावली तर हवा खेळत नाही, तसंच हे, असा माझा साधा हिशेब. फट दुप्पट झाली की माती धरणार नाही, चाक फिरताना उडून जाईल. टायरमधली हवाही थोडी कमी ठेवली, म्हणजे तो दबून फुगेल आणि मातीला झटकेल. आठवड्यानं सुखदेव आला तो दुरूनच ओरडत आला, "भाऊ, भुरभुऱ्यातबी टायमावर!" फक्त धो धो पावसात तो टायर घसरायचा, कारण तिथं पकडायला सगळी बटणं लागतात. म्हणून आम्ही दोन चाकं तयार ठेवली, एक पूर्ण बटणांचं, एक कापलेलं. कोणतं लावायचं ते ठरवायला माझ्या बापाची रीत होती. शेतात औत न्यायच्या आधी तो अनवाणी दहा पावलं चालायचा. दहाव्या पावलालाही मातीचा गोळा पायाला धरून असला की समजायचं, ती धरणारी आहे. मधेच गळून पडला की ती सोडणारी. धरणारी असली तर कापलेला टायर, सोडणारी असली तर पूर्ण बटणांचा. इतकंच माझं शास्त्र.

मग व्हिडिओचं खूळ आलं. चौकाचौकात, एखाद्याच्या ओसरीत टीव्ही मांडून लोक रात्रभर तीन-तीन पिक्चर पाहू लागले. तंबू ओस पडले. मालकानं सांगून टाकलं, दिवाळीनंतर तंबू गुंडाळायचे. सुखदेवला गाडी चालवण्याशिवाय दुसरं काही यायचं नाही आणि दुसरं काही करायचंही नव्हतं. त्याच सुमारास दसऱ्याच्या आसपास चंद्रपुराबाहेर मोटरसायकलच्या शर्यती ठरल्या. पुण्याकडच्या एका रेसिंग टीमचे मॅनेजर त्यासाठी येणार होते. त्यांनी आधीच कळवलं होतं, की विदर्भातल्या पोरांपैकी एकाला टीममध्ये घेऊन मद्रासला शिकायला नेणार. जागा एकच. पहिला येईल त्याचा हक्क पहिला.

सुखदेवनं मला विचारलं नाही, सांगितलं, "भाऊ, टायर तुमचा, गाडी माही."

आमच्या घरामागच्या अंगणात सराव सुरू झाला. शर्यतीत खेळ मागच्या चाकाचा. ते ओढतं, पुढचं फक्त वळतं. मागचं चाक काढून दुसरं बसवायला किती वेळ लागतो ते कमल गजराच्या घड्याळावर बघायची. पहिल्या दिवशी अकरा मिनिटं लागली. "एवढ्यात माह्या दोन भाज्या होतात," कमल म्हणाली. शेवटी चार मिनिटांवर आलो. खुणाही ठरवल्या. पाटीवर लिहून बोलवावं तर खडू पावसात पुसला जातो, म्हणून कमलनं उन्हात डोक्याला बांधायचा आपला लाल दुपट्टा हलवला की "ये", नाही हलवला की "चालू दे".

मैदान असं होतं. अर्धा रस्ता शेतातून, म्हणजे कन्हारीतून, आणि उरलेला अर्धा मुरमाच्या जुन्या खाणीला वळसा घालून. फेऱ्या वीस. सगळ्या टीमना बसायला एक लांबलचक ताडपत्रीचा मांडव घातला होता. आमची जागा त्याच्या टोकाला. खाण ताडपत्रीच्या मागच्या बाजूला, म्हणजे तिकडचं आभाळ आम्हाला दिसत नव्हतं. हे मी त्या दिवशी लक्षातही घेतलं नाही.

सकाळपासून भुरभूर. पाऊस म्हटला की मोठं बटण, असं सगळ्यांचं गणित. नागपूरचा पिंटू म्हणून एक तरबेज पोरगा होता, त्याच्या गाडीला कोरा करकरीत बटणवाला टायर. मी चपला काढून रस्त्यावर दहा पावलं चाललो. दहाव्या पावलाला पाय उचलवेना, इतकी माती. मी कापलेलं चाक लावलं. पिंटूचा मेकॅनिक आला, वाकून टायर पाहिला आणि म्हणाला, "ये क्या भाऊ, बकरी ने खाया क्या?" सगळा मांडव हसला. मीही हसलो. पुण्याचे मॅनेजर, कर्णिकसाहेब, छत्री धरून उभे होते, ते हसले नाहीत. नुसते टायरकडे पाहत राहिले.

शर्यत सुटली. लाउडस्पीकरवर एक मास्तर होते, त्यांना कबड्डीची सवय. "कोवे चढाईवर निघालेले आहेत!" असं ते ओरडत होते. दोन फेऱ्यांत लाडू वळायला सुरुवात झाली. एकेक गाडी येऊन थांबू लागली. कोणी काडीनं माती खरवडतोय, कोणी पान्यानं, एकानं तर चहावाल्याकडून पळी आणली. सुखदेव मात्र घुमत होता. कन्हारीत गाडी शिरली की मागून मातीचे गोळे उडायचे, लोक हसत पळायचे. पाच फेऱ्या झाल्या, सहा झाल्या. तो पिंटूच्या दोन फेऱ्या पुढं गेला. कमल म्हणाली, "आता काहीच करू नका तुम्ही. हातसुद्धा हलवू नका."

तिचं ऐकायला हवं होतं. पण माझ्या अंगात वारं शिरलं. पिंटूचा तोच मेकॅनिक माझ्याकडे आला, या वेळी हात जोडून. "भाऊ, कैसा काटा, जरा बताओ ना." आता इतक्या लोकांसमोर आपल्याला कोणी गुरू म्हणत असेल तर माणूस काय करतो? मी त्याला सगळं सांगितलं. एक आड एक, हवा थोडी कमी, सगळं. वरून माझ्याजवळची जादा रापीही दिली. कमलनं डोळे वटारले. "अहो, शर्यत आहे ना ही? का शिकवणी आहे?" मी म्हणालो, "दोन फेऱ्या पुढं आहे आपला. त्याले काय होते?" पिंटूच्या लोकांनी तिथंच बसून तीन मिनिटांत त्याचा टायर कापला आणि त्याला सोडलं. तेवढ्यात सुखदेव आणखी पुढं गेला होता, म्हणून मी निर्धास्त.

बाराव्या फेरीला आभाळ फाटलं. पावसाचा असा मारा, की समोरचं दिसेना. ताडपत्रीवर ढोल वाजल्यासारखा आवाज. धो धो पाऊस, म्हणजे माती सोडणार. सोडली की बाकीच्यांचे बटणवाले टायर पळणार आणि आपला कापलेला टायर घसरणार. पुढच्या फेरीत सुखदेव कन्हारीत दोनदा आडवा होता होता राहिला. मी धावत गेलो, अनवाणी दहा पावलं चाललो. चौथ्याच पावलाला माती गळून पडली. मातीनं साफ सांगितलं होतं. मनात हिशेब केला: चाक बदलायला चार मिनिटं, म्हणजे दीड फेरी. आपण तीन फेऱ्या पुढं. उरलेल्या सात फेऱ्या पूर्ण बटणांवर आरामात निघतात.

"कमल, दुपट्टा हलव."

"खरंच?"

"हलव म्हटलं ना!"

तिनं हलवला. सुखदेव समोरून येत होता. त्यानं दुपट्टा पाहिला आणि क्षणभर, मला अजून दिसतं ते, त्यानं मान मागं वळवून खाणीकडे पाहिलं. मग ब्रेक लावून सरळ आमच्यासमोर येऊन थांबला.

अंगणात चार मिनिटांत निघणारं चाक तिथं निघेना. आसात चिखल जाऊन बसला होता. हातोडा मारला, रॉकेल ओतलं, शिव्या दिल्या. कमल गुडघ्यावर बसून हातानं माती काढत होती, साडीचं काही खरं राहिलं नाही. शेवटी चाक बसलं तेव्हा तीन फेऱ्या गेल्या होत्या आणि पिंटू बरोबरीला आला होता. सुखदेव निघाला. मी म्हणालो, काही हरकत नाही, आता आपल्याकडे बटणं आहेत.

तो अर्ध्या रस्त्यातही गेला नसेल आणि पाऊस थांबला. एखाद्यानं नळ बंद करावा तसा. मग पुन्हा तीच भुरभूर, सकाळसारखी. वाहून गेलेल्या चिखलाखालून नवी कन्हार वर आली, ताजी आणि धरणारी. दोन फेऱ्यांत सुखदेवच्या टायरचा लाडू झाला. आणि पिंटू, मी शिकवलेल्या कापलेल्या टायरवर, माझ्याच रापीनं कापलेल्या, सुळसुळत पुढं गेला. वाटलं ताडपत्री ओढून अंगावर घ्यावी. सुखदेव शेवटच्या फेरीत दोनदा उतरून हातानं चाक मोकळं करत आला. दुसरा आला. मास्तर ओरडले, "कोवे यांची झुंज अपुरी पडली!"

गाडी उभी करून सुखदेव मांडवात आला. नखशिखांत काळा, फक्त दात पांढरे. म्हणाला, "पानी द्या ना वहिनी." कमल पाणी देत होती आणि रडत होती. मी त्याच्याकडे पाहू शकलो नाही.

एवढ्यात कर्णिकसाहेब आले. छत्री मिटून त्यांनी विचारलं, "चाक बदलायचा निर्णय कोणाचा होता?"

आमच्या धंद्यात चूक कधी कबूल करत नाहीत, हे आता सांगायला हरकत नाही. टायर फुटला तर रस्ता खराब, ट्यूब गेली तर ड्रायव्हर खराब, आणि काहीच सापडलं नाही तर ऊन फार. वीस वर्षांत मी गिऱ्हाइकासमोर एकदाही म्हणालो नव्हतो की माझं चुकलं. त्या दिवशी म्हणालो. "माझा साहेब. चूक पूर्ण माझी. मी माती पाहिली, आभाळ पाहिलंच नाही. पोरगा बारा फेऱ्या कोणाला सापडला नाही, ते तुम्हीच पाह्यलं. जागा त्याचीच होती, मी घालवली. आन टायर कसा कापायचा तेबी त्या लोकायले मीच शिकवलं."

कर्णिकसाहेबांनी सुखदेवकडे पाहिलं. "खाणीच्या बाजूला असताना तुला आभाळ दिसत होतं?"

"दिसत होतं."

"कसं होतं?"

सुखदेवनं माझ्याकडे पाहून मान खाली घातली. "उजाडलं होतं साहेब. पानी थांबनार होतं."

"आरे, मंग आला काऊन?" मी जवळजवळ ओरडलोच. "सरळ जायचं ना निघून!"

"तुमी बोलावलं ना भाऊ," तो म्हणाला, जणू यात विचारण्यासारखं काय आहे.

त्या क्षणी माझी जी अवस्था झाली ती लिहिता येत नाही. एवढं सांगतो, की मी टायरच्या थप्पीवर बसलो आणि लहान मुलासारखा रडलो. आजूबाजूला नागपूरवाले पिंटूला खांद्यावर घेऊन नाचत होते, त्यामुळं फारसं कोणी पाहिलं नाही.

कर्णिकसाहेब म्हणाले, "वेगात चालवणारी मुलं मला दहा मिळतात. बोलावल्यावर येणारं एक मिळत नाही. सगळ्यांना वाटतं आपल्यालाच कळतं. पिंटू चांगला आहे, पण सकाळी त्याच्या माणसांनी त्याला माती काढायला तीनदा बोलावलं, तो एकदाच आला." त्यांनी खिशातून डायरी काढली. "नाव सांग पूर्ण. मंगळवारी बल्लारशाहून मद्रासच्या गाडीनं निघायचं. पहिला हक्क पहिल्याचा, असं मी म्हणालो होतो. हक्क म्हणालो होतो, जागा त्यालाच देईन असं नव्हे. त्याच्याशी मी बोलतो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि रामटेके, ती बटणं कापायची कल्पना फार सुंदर आहे. फक्त पुढच्या वेळी शत्रूला शिकवू नका."

पिंटूशी ते काय बोलले मला माहीत नाही. पिंटूनं नंतर नागपुरात स्वतःचं गॅरेज काढलं आणि कापलेले टायर "रामटेके कट" म्हणून विकले, एवढं मात्र कानावर आलं. मला एक दमडी दिली नाही, पण नाव दिलं. माझी तक्रार नाही.

मंगळवारी दुपारी आम्ही बल्लारशाला सुखदेवला पोचवायला गेलो. कमलनं दशम्या आणि लोणचं बांधून दिलं होतं. एका हातात पत्र्याची पेटी, दुसऱ्या हातात दशम्यांचा डबा, असा तो खिडकीत बसला. इतके दिवस ज्यानं दुसऱ्यांची पेटी वाहिली त्याची स्वतःची पेटी केवढीशी होती! गाडी सुटायला थोडा वेळ होता. तो एकदम म्हणाला, "भाऊ, तिथी मले बोलावनार कोन राहीन?"

"साहेब आहेत ना."

"तसं नाई."

मला समजलं तो काय म्हणतोय. मी खिडकीच्या गजाला धरून म्हणालो, "हे पाह्य सुखदेव. मी चुकलो तरी तू आला, हे मी मरेपर्यंत विसरणार नाई. पण आता असा येऊ नको. कोणी बोलावलं तरी आधी आभाळ पाह्यजो. स्वतःच्या डोळ्यानं पाह्यजो." त्यानं मान डोलावली. गाडी हलली. कमल दुपट्टा हलवू लागली, सवयीनं, आणि मग एकदम थांबली आणि दुपट्टा पाठीमागं लपवला. आम्ही तिघंही हसलो.

पुढं चार महिने काही कळलं नाही. दुकानात पंक्चर, रिमोल्ड, जीपवाले काका, सगळं पूर्वीसारखं. मी गिऱ्हाइकांना अधूनमधून "माझं चुकलं" म्हणू लागलो होतो, आणि गंमत म्हणजे गिऱ्हाईक वाढलं. कमल म्हणायची, लोकांना दया येते. मग एक दिवस पोस्टमननं पोस्टकार्ड आणलं. अक्षर मोठं, ओळी तिरप्या. कमलनं माझ्या हातातून ओढून घेतलं आणि दुकानात गिऱ्हाईक असतानाच मोठ्यानं वाचलं:

"भाऊ, वहिनी, जोहार. परवा इथी मोठी शर्यत झाली. मधात पानी आलं. साहेबानं पाटी दाखवून मले बोलावलं. मी आभाळ पाह्यलं. नाई गेलो. पहिला आलो. दोन दिवस झाले, साहेब माह्यासंग बोलून नाई राह्यले."